साठात बसवा

तापकीर गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर,
मुथांनी चहा सांगितला आणि विचारलं,
"मुलगा कितवीला?"
मी म्हटलं, मुलगा नाही. मलाच हवाय.
गेम खेळायला.
कपातली माशी काढावी इतक्या जपून
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"बजेट?"
साठ. साठात बसवा.

साठ म्हणजे भिशीचे.
बारा जणी, महिना पाच हजार,
या वेळी चिठ्ठी माझी निघाली.
वृषालीने तिच्या पैशांत किचनला ट्रॉल्या केल्या,
डुंबरेबाईंनी पाटल्या मोडून पुन्हा पाटल्याच.
माझं काय ठरलंय
ते मी अजून कुणाला बोललेले नाही.

बरोबर खालच्या मजल्यावरचा सुजल,
डिप्लोमाचं दुसरं वर्ष.
जर्नलच्या मागच्या पानावर त्याची यादी:
रॅम सोळा, बत्तीस झेपत नाही,
एसएसडी एक टीबी की अर्धा, पुढे प्रश्नचिन्ह,
आणि अगदी तळाशी, खाली दोन रेघा मारून,
पॉवर सप्लायमध्ये कंजूषी नको काकू.

मुथा भारीतला प्रोसेसर पुढे सरकवतात.
सुजल मान हलवतो.
"मग कार्ड बारकं घ्यावं लागेल. बॉटलनेक होतो."
म्हणजे?
तो शब्द शोधतो. छताकडे बघतो.
"सिंहगड रोड, काकू. संध्याकाळी साडेसहा.
राजाराम पूल."
कळलं.
आधी लुनावर, मग स्कूटीवर,
एक पाय टेकून चौतीस वर्षं
त्याच बाटलीच्या तोंडात उभी आहे मी.
कार्ड मोठं द्या, म्हटलं. प्रोसेसर मधला चालेल.

काचेच्या डब्यात पंखे फिरत होते,
निळे, जांभळे, मध्येच गुलाबी,
मंडळाच्या मांडवात आल्यासारखं वाटलं.
दिव्यांचे अडीच हजार वेगळे.
नकोत. मला रस्ता दिसला म्हणजे झालं.

मग कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरला.
चौसष्ट हजार तीनशे.
मॉनिटर चोवीसचा बाविसावर आणला.
एसएसडी अर्धी झाली.
कीबोर्ड घरचाच, ज्याचा 'क' दोनदा दाबावा लागतो.
मुथा हळूच म्हणाले, एक वापरलेलं कार्ड आहे,
कॉलेजच्या पोराचं, अगदी नव्यासारखं.
सुजलने त्याचा पंखा बोटाने फिरवला
आणि वास घेतला. खरंच वास घेतला,
मी मेथीच्या जुडीचा घेते तसा.
"नको."
साठ हजार चारशे.
वरचे चारशे सोडा.
"मॅडम, बिल नको असेल तर..."
बिल पक्कंच हवं. आणि चारशे सोडा.
त्यांनी दोनशे सोडले
आणि अजून एक चहा पाजला.

रिक्षात खोकं मांडीवर.
आरशातून प्रश्न आला, "टीव्ही का?"
ट्रक, मी म्हटलं.
तो स्वारगेटपर्यंत गप्प होता.

रात्री लोणच्याची बरणी सरकवून
जेवणाच्या टेबलावर मांडला.
सुजल सगळं जोडून गेला, त्याची उद्या ओरल.
आता घरात फक्त पंख्यांची बारीक घरघर,
आणि समोर बर्फातून जाणारा रस्ता,
अठरा चाकं माझ्या हातात.
देश कुठला ते कळेना,
पाट्या वाचता येईनात.

चौकात सिग्नल लाल झाला.
थांबले. इंडिकेटर आधीच दिला होता.
मागून कुणी हॉर्न वाजवला नाही,
डावीकडून कुणी घुसलं नाही,
फुटपाथवरून तर कुणीच आलं नाही.
जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मग हिरवा लागला,
आणि मला पहिला गिअर सापडेना.